दादाचं नवं मशीन, जुना थांबा

११ जानेवारी, रविवार

सकाळी विहारात वंदना. थंडी बरी होती. पुढच्या रांगेत बायकांच्या तोंडाला स्कार्फ, पुरुषांच्या मफलर. दादाची पंचाईत झाली. तो ओळ सांगतो, आम्ही मागून म्हणतो, आणि आमचं म्हणून झालं हे त्याला पुढच्या रांगेचे ओठ मिटले की कळतं. आज ओठच नव्हते. दर ओळीनंतर थांबा इतका लांबला की मागे एकाने शिंकून, नाक पुसून, रुमालाची घडी करून ठेवली तरी दादा आपला शांत.

नंतर चहा. मंडळाच्या सचिवांनी गेल्या रविवारच्या लग्नाचा विषय काढला. ते लग्न दादानेच लावलं. नवरी तिसऱ्या प्रतिज्ञेला अडखळली, ‘परत सांगा ना’ म्हणाली. दादाला ऐकू गेलं नाही, तो चौथीवर गेला. माइकवरून सगळ्या हॉलने ऐकलं. आता नवरीची आई म्हणते, माझ्या पोरीची प्रतिज्ञा अर्धी राहिली.

सचिव म्हणाले, “मेघनाच्या लग्नाला प्रशांतला सांगू. दादांना स्टेजवर बसवू, शाल घालू.”

प्रशांत विहारात मुलांचा वर्ग घेतो. मेघना ही दादाची नात. लग्न २९ मार्चला. रविवार आहे, हॉल मिळाला, हाच मुहूर्त. आणि हे सगळं बोलणं दादापासून हातभर अंतरावर. तो उदबत्तीची राख गोळा करत होता. त्याच्यासमोर बोलणं म्हणजे भिंतीसमोर बोलणं, अशी सवय सगळ्यांनाच झाली आहे.

“पण दादांना सांगणार कोण?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आधी त्याला ऐकू तर येऊ दे, मग सांगतो. हसले सगळे. मी विनोद केला नव्हता.

१३ जानेवारी, मंगळवार

दुकानात एका सोसायटीची पंपाची मोटर. त्यांच्या प्लंबरने जळाली म्हणून सांगितलेलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला. अर्धं मिनिट. जळाली नव्हती, मागचं बेअरिंग बसलं होतं. गिऱ्हाईक म्हणाले, शेठ, तुमचे कान विम्याला टाका. याच कानांवर दुकान उभं राहिलं. दुसऱ्याच्या शेडमध्ये कॉइल भरत होतो तेव्हाही मालक मोटर उघडायच्या आधी मला हाक मारायचा.

एकाच आईची दोन पोरं. दादाचे कान पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर गेले. कानात कापूस घातला की बाकीचे हसायचे म्हणे. मी हसणाऱ्यांतलाच झालो असतो, पण मला तिथे नोकरी मिळाली नाही.

संध्याकाळी वहिनीकडून दादाची जुनी दोन्ही मशीनं आणली. भिंतीवरच्या घड्याळाच्या चावीशेजारी, रुमालात बांधून ठेवलेली.

१४ जानेवारी, बुधवार

तिळगूळ वाटून झाल्यावर दोन्ही मशीनं टेबलावर उघडली.

पहिलं: काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, शर्टाच्या खिशात ठेवायची, तिथून कानापर्यंत वायर. माइक डबीत, म्हणजे खिशात. माणसांपेक्षा स्वतःचा शर्टच जास्त ऐकू यायचा. दादा म्हणायचा, टेरिकॉट फार बडबडतं, सुती बरं.

दुसरं: कानामागे अडकवायचं. एकाच कानाला. बाजूला मुंगीएवढा स्क्रू, तो मीच फिरवून द्यायचो. एक अँप्लिफायर, बाकी काही नाही. फोडणी, पंखा, हॉर्न, माणूस, सगळ्यांना एकाच मापाने मोठं करणार. आणि शिट्टी. दादा हसला की शिट्टी, घास चावला की शिट्टी, नातवाला जवळ घेतलं की शिट्टी. मांडवात माइक स्पीकरसमोर धरला की जे कूंऽ होतं तेच, फक्त कानात.

ते सुटलं त्याची तारीख आठवत नाही, प्रसंग आठवतो. वंदनेच्या मधल्या शांततेत ते वाजलं आणि मागच्या एका पोराने शिट्टीनेच उत्तर दिलं. दादाने तिथेच काढून रुमालात बांधलं. त्यानंतर ओठांवर भागवलं.

मशीन काढल्यावर बरं वाटतं, असं तो सांगायचा. दोन्ही उघडून पाहिल्यावर त्याचं खरं असावं असं वाटलं.

२१ जानेवारी, बुधवार

कर्वेनगर. विश्रांतवाडीहून कर्वेनगर म्हणजे परगावच. पण कान तपासणाऱ्या मॅडम चांगल्या, असं तिघांनी सांगितलं. मेघना बरोबर होती, रजा काढून. दादा यायला तयार कसा झाला? मेघनाने सांगितलं, “आजोबा, माझ्या लग्नात मी काय बोलते ते तुम्हाला ऐकू आलंच पाहिजे. नाहीतर मी कोर्ट मॅरेज करते.” तिला सचिवांचं माहीत नाही. की आहे?

आवाजबंद खोलीत दादाला बसवलं. कानात आवाज आला की बटण दाबायचं. काचेतून दिसत होता. परीक्षेला बसलेला पोरगा. बराच वेळ बटणाला हात नाही, मग एकदम दाबायचा.

कागदावर रेघ आली. डावीकडे ठीक, उजवीकडे घाटासारखी कोसळलेली. मॅडम म्हणाल्या, जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. ट्रक कळतो. स, त, क कळत नाहीत. कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते नाही.

मी विचारलं, मग जुन्या मशीनने काय केलं? “जे ऐकू येत होतं तेच आणखी मोठं केलं.”

नव्यात म्हणे ही रेघच मशीनमध्ये भरतात. जिथे खड्डा तिथेच भर. हळू आवाज वर, मोठा आहे तो आहे तिथेच. माझ्या भाषेत: जुन्यात घरातल्या सगळ्या पंख्यांना एक रेग्युलेटर, नव्यात प्रत्येक पंख्याला वेगळा. मॅडमना हे आवडलं. म्हणाल्या, पेशंटला सांगायला वापरते.

मग म्हणाल्या, “काका, तुमचेही तपासून टाकू का? आलाच आहात.”

मी म्हटलं, माझ्या कानांना बेअरिंगमधली धूळ ऐकू येते. त्या हसल्या. मेघना हसली नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

मशीन मिळालं. दोन कानांना दोन. किंमत लिहीत नाही, ही वही सौ. वाचते.

कानामागे शेंगदाण्याएवढं, तिथून केसासारखी वायर, टोकाला रबरी टोपी, ती कानाच्या आत. समोरून पाहिलं तर दिसत नाही. सेल बदलायचे नाहीत. रात्री डबीत ठेवायचं, डबी चार्जिंगला. फोन आला तर थेट कानात. जुन्यांत फोन म्हणजे फक्त शिट्टी.

मी मॅडमना विचारलं, उघडतं कसं? त्या म्हणाल्या, उघडायचं नाही. न उघडणाऱ्या वस्तूवर माझा विश्वास बसायला वेळ लागतो.

दवाखान्याबाहेर रस्त्यावर आलो. दादा उभाच राहिला. “मोहन, माझी चप्पल वाजते.” मी म्हटलं, सगळ्यांची वाजते. तो रिक्षापर्यंत हळूहळू, मुद्दाम वाजवत चालला.

घरी गेल्यावर वहिनी समोर. दादा स्वयंपाकघराच्या दारात.

“हा फ्रिज एवढा बोलतो?”

“तो पहिल्यापासून बोलतोय,” वहिनी म्हणाल्या. “मी पण.”

४ फेब्रुवारी, बुधवार

दादाच्या तक्रारी, मॅडमना सांगायला लिहून घेतोय. स्वतःचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. पेपरची पानं कडकड करतात. वहिनींच्या बांगड्या. टीव्हीतली माणसं एकदम बोलतात, त्यातलं एकही कळत नाही.

मॅडम फोनवर: बरोबर आहे, इतकी वर्षं शांततेत राहिलेत, मशीन फक्त आवाज देणार, त्यातून शब्द वेचायची सवय परत लागायला हवी. आवाज थोडा उतरवते, मग हळूहळू चढवू. तिकडे बसून मेघनाच्या फोनमधून उतरवला पण. मी बघत राहिलो. मुंगीएवढा स्क्रू फिरवायला दादा माझ्याकडे यायचा, ते काम संपलं.

दादा मशीन काढत नाही, ही बातमी. वहिनी म्हणतात, झोपताना मी काढायला लावते.

८ फेब्रुवारी, रविवार

आज बरंच झालं. क्रमाने लिहितो.

दादा मशीन घालून वंदनेला. पहिली ओळ सांगितली, आम्ही म्हटली. आमचा शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच त्याने दुसरी सुरू केली. सगळे गडबडले. सगळ्यांना थांब्याची सवय. श्वास घ्यायच्या आधीच पुढची ओळ आली. तिसऱ्या ओळीला निम्मे लोक दुसरीतच होते. सखूमावशी मोठ्याने म्हणाल्या, “दादा, आज कुठं गाडी धरायचीय का?”

दादा थांबला. हसला. (नवं मशीन गप्प. जुनं इथे वाजलं असतं.) मग आमची तोंडं बघत सावकाश पुरं केलं.

नंतर सतरंज्या गुंडाळताना सचिव प्रशांतला म्हणाले, “एकोणतीस मार्च मोकळी ठेव हं. मोहनशेठ सांगतो म्हणाले होते, पण दादांना अजून सांगितलेलं दिसत नाही.” हातभर अंतरावर. सवयीने. दादाच्या कानात काही दिसत नाही, हा नव्या मशीनचा मोठा गुण. आज दोष.

सतरंजीवर दादाचे हात थांबलेले मी पाहिले. सचिवांनीही पाहिले असावेत, कारण ते एकदम म्हणाले, “काय दादा, बरं ना?” दादाने जुन्या सवयीने कानामागे हात धरला. “हं?”

सचिवांना हायसं वाटलं. मला नाही.

परतताना कोपऱ्यावर तो उभा राहिला. मग:

“तू मला काय सांगणार होतास?”

सांगितलं.

“कधी ठरलं?”

“गेल्या महिन्यात.”

“कुठं?”

“विहारात. तुझ्यासमोरच.”

“मग ठीक आहे,” दादा म्हणाला. “चोरून नाही केलं.”

त्या नवरीचं त्याला माहीतच नव्हतं. तेही सांगावं लागलं. ते ऐकल्यावर मात्र त्याने दोन्ही मशीनं काढून खिशात टाकली आणि घरापर्यंत तसाच चालला.

११ फेब्रुवारी, बुधवार

खडकी. दादाने सकाळीच येऊन सांगितलं, चल. मशीन कानात होतं. कुठे ते विचारलं नाही, कळलं.

त्या नवरीचं सासर क्वार्टर्समध्ये, दुसरा मजला. दुपारी गेलो. दार तिनेच उघडलं, हाताला कणीक. नवरा रात्रपाळी करून उठलेला, बनियनवर. आम्हाला पाहून शर्ट घालायला आत पळाला. सासूबाईंना वाटलं, वर्गणी.

दादा म्हणाला, “बाई, तुझी तिसरी राहिली माझ्याकडून. मला ऐकू आलं नव्हतं.”

ती आधी हसली, मग सासूकडे पाहिलं. “असू द्या दादा, झालं ते.”

“झालं नाही ना. म्हणून आलो.”

हॉलमध्ये दोन्ही प्रतिमा होत्याच. तिने हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला. नवरा शर्टाची बटणं वरखाली लावून शेजारी उभा. दादाने तिसरी प्रतिज्ञा सांगितली. पुन्हा ती त्याच शब्दाला अडली. शब्द अवघड आहे हे खरं. “परत सांगा ना,” अगदी हळू. दादाने परत सांगितली, तुकडे करून. तिने म्हटली. तो शेवटपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत नव्हता, खिडकीकडे बघत होता. मुद्दाम.

नवऱ्याने विचारलं, “माझं काही राहिलंय का?”

“तुझ्या पाचही झाल्यात. आता पाळ.”

चहा, खारी. सासूबाईंनी विचारलं, कानाला काय केलंत? दादाने केस बाजूला करून दाखवलं. त्यांचे मिस्टर कपाटात जुनं मशीन ठेवून बसलेत म्हणे. मॅडमचा नंबर दिला. माझं रेग्युलेटरचं उदाहरणही दिलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

थांब्याचा उलगडा झाला.

वंदनेनंतर दादाने प्रशांतला विचारलं, तू मुलांच्या वर्गात ओळीनंतर थांबायला का शिकवतोस? प्रशांत शाळेत शिक्षक आहे, सरळ मुलगा. म्हणाला, “दादा, तुम्हीच ठेवलेला आहे तो. एक ओळ, मग एक श्वास, मन स्थिर करायचं. मी मुलांना तसंच सांगतो. शेजारच्या वस्तीतल्या विहारानेही आपल्याकडून घेतलं.”

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे.

बाहेर आल्यावर: “मोहन, हा थांबा कुणाचा?”

“तुझा.”

“मी कुठं ठेवला? मी तर तुमची तोंडं मिटायची वाट बघायचो.”

“तेच ते.”

“पहिल्यापासून नव्हता?”

“नव्हता. वाढत गेला. बेअरिंगसारखा.”

तो हसत सुटला. हसता हसता डोळे पुसले. मशीन काही बोललं नाही. मग म्हणाला, “आता थांबा काढू की ठेवू?” मला काय विचारतोस, म्हटलं. “तुला ऐकू येतं म्हणून विचारतो.”

१ मार्च, रविवार

सचिव घरी आले. सौ.ने पोहे केले. मेघनाचं म्हणणं त्यांच्यापर्यंत गेलं होतं: आजोबाच लग्न लावणार. सचिव वाईट माणूस नाही. म्हणाले, “शेठ, मला दादांचा अपमान नको, आणि भर मांडवात परत तेच व्हायला नको. तुमच्याच घरची मुलगी आहे. या वेळी राहिलं तर खडकीसारखं मागून जाऊन पुरं करणार का?”

बातमी पोचली होती म्हणजे.

ठरलं असं: पुढच्या रविवारी हॉलवर जाऊन रंगीत तालीम. दादाला नवरानवरीचं ऐकू आलं तर दादा. नाही आलं तर प्रशांत, आणि दादाने मनाला लावून घ्यायचं नाही. दादा समोरच होता. “कबूल,” म्हणाला. सचिव दचकले.

५ मार्च, गुरुवार

एका हॉस्टेलची मोटर परत आली. गेल्या आठवड्यात मीच ऐकून पास केलेली. तिथला माणूस म्हणतो, चालू केली की बारीक चीं चीं. कारागिराने ऐकली, म्हणाला, हो शेठ, आहे. मी स्क्रूड्रायव्हर लावला. मला सगळं ठीक वाटलं. स्टँड हलत असेल, म्हटलं. बेअरिंग बदलून दिलं.

८ मार्च, रविवार

तालीम. नाही जमलं.

हॉलमध्ये आठ पंखे, पत्र्याचं छप्पर, साउंडवाला त्याच वेळी टेस्टिंग करत होता. दादा माइकपाशी, मेघना आणि मुलगा उजव्या हाताला. मशीन समोरचं चांगलं पकडतं, बाजूचं दाबतं. गोंगाटात माणूस समोर बघून ऐकतो ना, त्या हिशोबाने. आणि नवरानवरी नेमकी बाजूला. मेघना मुद्दाम मधेच थांबली, हळूच म्हणाली, “आजोबा, परत.” दादा पुढे गेला.

शांतता झाली. दादाला शांतता ऐकू आली. त्याने वळून पाहिलं आणि त्याला कळलं.

प्रशांत म्हणाला, “दादा, साउंडवाल्यामुळे झालं.” दादा म्हणाला, “लग्नात साउंडवाला नसतो का?”

म्हणजे नवं मशीनही देव नाही. हे मी पहिल्या दिवशीच... जाऊ दे.

१० मार्च, मंगळवार

मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी का नाही सांगितलंत, लग्न लावायचंय म्हणून? मला वाटलं, लग्नाला जायचंय.

एक छोटा माइक येतो, बोराएवढा, कॉलरला लावायचा. जो लावेल त्याचा आवाज सरळ दादाच्या कानात. मधली गर्दी, पंखे, साउंडवाला, कुणी मधे नाही. हॉलच्या स्पीकरशी त्याचा संबंध नाही. फक्त दादाला ऐकू येणार.

मेघनाने लगेच पदराला लावून बघितला, दवाखान्याच्या बाहेर रस्त्यापलीकडे गेली, पाठ करून उभी राहिली. दादा आत बसून हसायला लागला. काय म्हणाली विचारलं. “म्हणते, मोहनआजोबा आता विचारतील काय म्हणाली.”

१५ मार्च, रविवार

दुसरी तालीम. पंखे चालू, साउंडवाल्याला मुद्दाम चालू ठेवायला सांगितलं. मेघना तीनदा अडली, तीनदा दादा थांबला. चौथ्यांदा ती न अडता नुसती खोकली, दादा म्हणाला, “पाणी पी.”

सचिवांनी हात जोडले. प्रशांतचं तोंड उजळलं, त्यालाच सुटल्यासारखं झालं असावं.

रात्री माइक त्याच्या डबीत घालून चार्जिंगला लावला, मशीनं अजून दादाच्या कानात. थोड्या वेळाने दादा म्हणाला, “झालं चार्जिंग.” तुला कसं कळलं? “वाजलं ना.” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, टुंई वाजतं की चांगलं.

मी डबीशेजारीच बसलो होतो. टीव्ही चालू होता.

२९ मार्च, रविवार

लग्न झालं. पाय दुखतायत, तरी लिहून ठेवतो.

दादा पांढरा झब्बा, नवी चप्पल, वाजणारी. मेघना पांढरी साडी, निळी किनार, माइक पदराच्या पिनेमागे. माहीत नसलेल्याला दिसणार नाही. मी स्टेजवर, दोघांपासून तीन पावलांवर, हातात फुलांचं ताट.

त्रिशरण, पंचशील. दादाने ओळ सांगितली, हॉलने म्हटली, आणि दादा थांबला. पूर्ण थांबा. जुना, तसाच. आमचे लोक बिनधास्त, मुलाकडचे आधी बावचळले, मग त्यांनाही सापडला. शेवटी शेवटी एवढ्या मोठ्या हॉलचा श्वास एकदम ऐकू येत होता. माझ्या माहितीत दादाने ठेवलेला हा पहिलाच थांबा. आधीचे पडलेले होते.

मुलाच्या पाच प्रतिज्ञा झाल्या. मग मेघनाच्या. पहिली, दुसरी. तिसरी दादाने सांगितली आणि मेघनाने हॉलचा माइक तोंडाजवळून खाली घेतला. मान खाली. ओठ हलले. बरंच हलले, दोनतीन वाक्यं असतील. स्पीकरमधून काही नाही.

दादा ऐकत होता. हॉल बघत होता. कुणीतरी म्हणालं, अडकली. सचिवांनी प्रशांतकडे पाहिलं, प्रशांत खुर्चीतून अर्धा उठला. दादाने त्याच्याकडे न बघता हाताने खाली बस केलं. मग मेघनाकडे बघून मान हलवली. होकारार्थी की नुसतीच, सांगता येत नाही. आणि थांबला. वंदनेतल्या कुठल्याही थांब्यापेक्षा मोठा. मुलाच्या कपाळावर घाम दिसत होता मला.

मग मेघनाने माइक वर घेतला आणि तिसरी स्पष्ट म्हटली. एकही शब्द अडला नाही. चौथी, पाचवी. फुलं. साधु, साधु, साधु.

जेवताना सखूमावशी म्हणाल्या, पोरगी घाबरली असेल. मुलाची आई म्हणाली, किती छान, मधे ध्यान ठेवतात तुमच्याकडे. सचिवांनी दादाच्या पायाला हात लावला, मग सगळ्यांसमोर शाल घातलीच. आणलेली होती ना.

३० मार्च, सोमवार

दादाकडे गेलो, माइक परत घ्यायला हे निमित्त. तो गच्चीत पेपर वाचत होता. पानं हळू उलटतो हल्ली.

“काय म्हणाली?”

“कोण?”

“ऐकू येतं तुला आता. उगाच कोण कोण करू नको.”

“तू तर शेजारी होतास.”

“वाजंत्रीवाले खाली सूर लावत होते.”

“ते जेवत होते तेव्हा,” दादा म्हणाला. “मोहन, तिने मला सांगितलं. स्पीकरला नाही.”

“काही वावगं नाही ना?”

त्याने पेपर खाली ठेवला. मला वाटलं, सांगतो. कानामागचं मशीन काढलं, फुंकर मारली, परत बसवलं. “चहा घेणार का?”

वहिनींनाही सांगितलं नाही म्हणे. त्या म्हणतात, पोटात ठेवायला इतक्या वर्षांत काही मिळालंच नव्हतं, आता मिळालंय तर राहू दे.

मेघनाला फोन केला. आवाज आनंदी वाटला. मागे कुणीतरी हसत होतं. विचारलं. “आजोबांना विचारा,” ती म्हणाली. मग: “तुम्हाला खरंच नाही ऐकू आलं? मी जरा घाबरले होते, तुम्ही इतके जवळ होतात, ऐकाल म्हणून.”

घरी आल्यावर सौ. टीव्हीचा आवाज कमी करायला सांगत होती. दुसऱ्यांदा सांगतेय, म्हणाली.

३१ मार्च, मंगळवार

दुकानात दोन मोटरी. ऐकायला कारागिराला सांगितलं. शिकायला हवं त्यानेही.

दु. दादाच्या फेरतपासणीसाठी मॅडमना फोन. लग्न कसं झालं विचारलं त्यांनी. म्हटलं, तुमच्या माइकने काम केलं, जरा जास्तच. परवा, गुरुवारी या म्हणाल्या.

“एकच नाव लिहू का काका, की दोन?”

“काय?”

त्यांनी परत विचारलं. तशी गरज नव्हती, पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

म्हटलं, लाइन खरखरतेय, आल्यावर बोलू. त्यांनी फोन ठेवला नाही. मीही नाही. फोन तेवढा चालूच राहिला.